दोन सीटची गाडी

गाडी लाल, बुटकी आणि दोनच सीटची होती. मुलं बाहेरगावी गेली, आता आपण दोघंच, म्हणून ह्यांना ती हवीच होती. मी म्हटलं, आधी तिच्यातून पेणहून आपला गणपती आणून बघू, मग ठरवू. विकणाऱ्याने दिवसभरासाठी चावी दिली.

रोह्याहून निघालो. कासूजवळच्या खड्ड्यात माझं डोकं टपावर आपटलं. "गाडीला काय झालं नाय ना?" एवढंच हे म्हणाले.

कारखान्यातून रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती बाहेर आली. मी ती मांडीवर घेणार होते. "नको, ब्रेक लागला तर धक्का बसंल," म्हणत ह्यांनी ती माझ्या सीटवर बसवली, घरून आणलेल्या उशा लावल्या, पट्टा बांधला आणि दोनदा ओढून बघितला.

"तू येष्टीने ये गो."

मला चेष्टा वाटली. पण हे खरंच निघाले, एकेक खड्डा चुकवत.

मी रस्त्यातच उभी राहिले. जागा गेल्याचं काही नाही, देव वर्षातून एकदाच येतो. पण मी जन्मभर ह्यांच्या शेजारी बसत आले, आणि माझा पट्टा ह्यांनी एकदाही ओढून बघितला नव्हता.