आमच्या दारावरची नोटीस

तुमच्या दारावर कोणी कागद चिकटवून गेलं, तर तुम्ही तो आधी वाचता की आधी फाडता?

आमच्या घरी फाडायला बंदी होती. बालाघाटच्या एका वॉर्डात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बाबा आरा मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत कामाला, आई घरी बिड्या वळायची. धम्मदीक्षा घेतल्यापासून आमचं दार वस्तीचा फलक झालं होतं. तुमसरहून कटंगीमार्गे बसने पत्रकं यायची: सभेची, जयंतीची, रात्रशाळेची. मी अक्षरं त्या दारावरच शिकलो, आणि माझी मतंही तिथलीच. जो कागद घेऊन येईल त्याला आई मैद्याची लेई, म्हणजे चिकटवायची खळ, द्यायची. संध्याकाळी माझी धाकटी बहीण ते कागद मोठ्याने वाचायची, कारण वस्तीत वाचता येणारे थोडे होते. त्यावरची तारीख उलटेपर्यंत कागद रोज वाचला जाई. बाजारात लोक आमची पत्रकं फाडत, म्हणून बाबांनी ठरवलं होतं की आपण कोणाचीच फाडायची नाहीत.

समोरच्या दुमजली घरात घरमालक राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मराठीच, आणि नियमाने चालणारे. आमचं भाडं वेळेवर जात होतं. त्यांना खुपायचं ते दार. पण दारावर पत्रकं लावणं हे भाडेकरूला काढायचं कारण कायद्यात नव्हतं, म्हणून त्यांनी वकिलाकडून दुसरं कारण लिहून आणलं.

नोटीस हातात द्यावी लागते. ते दोनदा आले, बाबा मिलमध्ये होते. रजिस्टर टपालाने पाठवली. पोस्टमन यायचा तेव्हाही बाबा मिलमध्येच. मग वकिलाने सांगितलं, दोन साक्षीदार न्या आणि दर्शनी जागी चिकटवा.

ते साक्षीदार घेऊन आले. आई दारातच उभी होती. घरातल्या मोठ्या माणसाच्या हाती नोटीस दिली तरी चालते, पण वकिलाने दार म्हटलं होतं, तर दारच. मालकांनी डबी उघडली. डिंक वाळून दगड झाला होता.

आई म्हणाली, "बाबूजी, हे तं सुकून गेलं. थांबा, घरची लेई आनतो."

"राहू द्या हो बाई."

"राहू कसं द्या? तुमचा कागद उडून जाईन ना."

तिने वाटी आणून दिली. कागद कशाचा आहे हे तिने विचारलं नाही. कोणालाच विचारत नसे. साक्षीदारांनी आमच्याकडे चहा घेतला आणि सह्या केल्या.

संध्याकाळी बहिणीने रात्रशाळेचं पत्रक वाचलं आणि मग त्याच आवाजात नोटीस सुरू केली. तिकडे कोर्टकचेरी हिंदीत चालते, म्हणून ती हिंदीत होती. महिनाअखेर मकान खाली करावं, कारण मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी त्याची आवश्यकता आहे. 'खाली करावं', म्हणजे रिकामं करावं, ही ओळ तिने दोनदा वाचली. ती मॅट्रिकच्या वर्गात होती. खोली गेली तर आम्हाला खैरलांजीकडच्या गावी परतावं लागणार होतं आणि तिथे तिची शाळा नव्हती. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. मी सुद्धा नाही.

आई आत जाऊन बांधाबांधीसाठी भांडी उतरवू लागली. वस्तीत नोटीस लागली की लोक असंच करायचे. मी कागदाला हात घातला.

बाबा म्हणाले, "हात काढ. आपलं पत्रक कोनी फाडलं तं तू केवढा बोंबलतेस?"

"पन बाबा, हे आपल्याले काढून राह्यले!"

"काढून नाही राह्यले. कागद लावून राह्यले. काढाचं तं कोर्टात जा लागते, कारन खरं आहे हे दाखवा लागते. पोरगी वाचन. तारीख आहे ना त्याच्यावर?"

तारीख महिनाअखेरची होती. म्हणजे नियमाप्रमाणे रोज वाचणं आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आजी पाट घेऊन येऊन बसली. वाचन झाल्यावर तिने विचारलं, "काय म्हन्ते वं हे?"

"आजी, बाबूजीले राहाले जागा पायजे म्हन्ते," बहीण म्हणाली.

आजीने समोरच्या दुमजली घराकडे वर मान करून पाहिलं. "हौ का? मंग वरच्या खोल्याइत कोन राह्यते?"

"कबुतरं," कोणीतरी म्हणालं.

"नवरा-बायको दोनच जीव. काहून पुरत नसन जागा?"

"कबुतरं भाडं देत नसतीन, आजी."

मालक ओट्यावर बसले होते. ते आत गेले. पुढे रोज वाचन सुरू झालं की ते आत जात आणि रोज कोणीतरी वरच्या खिडक्या मोजत असे. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. आजी तर भेटल्यावर आस्थेने विचारायची, "बाबूजी, भेटली का जागा?" एकदा मुद्दाम सांगायला गेली की तिच्या ओसरीत एक खाट मावते.

महिना संपायच्या आत मालक ओलं फडकं घेऊन आमच्या दाराशी आले. बाबांची त्या दिवशी सुट्टी होती. मालकांनी कागद घासला. निघाला नाही. आईची लेई होती ती.

"थोडं गरम पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"बाबूजी, तुम्ही कायद्यानं लावला," बाबा म्हणाले. "तारीख होऊ द्या. मंग त्याच्यावर आमी दुसरा लावून देऊ."

मालक फडकं पिळत उभे राहिले. आत बहीण भूमिती पाठ करत होती, मोठ्याने, जशी ती सगळंच वाचायची.

"मुलीची परीक्षा होऊ द्या," ते म्हणाले. "मग बघू."

ते कोर्टात गेले नाहीत. बहिणीने त्याच खोलीत अभ्यास केला आणि मॅट्रिकची परीक्षा दिली. पास झाली. निकालाचा कागद आईने दारावर लावला, नोटिशीच्या वरच.

तेव्हा एक करा. तुमच्या दारावर अशी नोटीस लागली तर फाडू नका आणि भांडी बांधू नका. नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. हुकूम कोर्ट देतं, तेही तुमचं ऐकून. शेजाऱ्यांना बोलवा, ज्या ओळीत कारण लिहिलंय ती मोठ्याने वाचा, आणि तारीख उलटेपर्यंत रोज वाचा. मालकाचा डिंक वाळलेला असेल, तर लेई तुमची द्या.