तालुकदाराची खुर्ची आणि अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजलगावच्या छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं तपासत होतो. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." मी पुन्हा प्रुफाकडे वळलो, पण एक ओळ धड वाचता येईना... त्याला आता महिना झाला.

विश्वनाथअण्णा मूळचे सिरसाळ्याचे कापड दुकानदार, माझ्या वडिलांचे स्नेही. दुकान मुलाच्या हाती देऊन ते बीडला आले आणि जुन्या कचेरीतल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाची किल्ली त्यांनी आपणहून कमरेला लावली. निजामाच्या काळात याच कचेरीतून अव्वल तालुकदार, म्हणजे तेव्हाचा कलेक्टर, जिल्ह्याचा कारभार हाकायचा. त्याची शिसवी खुर्ची तिथं होती. कापडाच्या परवान्यासाठी अण्णांच्या वडिलांनी त्या खुर्चीसमोर अनवाणी, उभ्यानं अख्खी दुपार काढली होती. परवाना मिळाला नव्हताच.

हे ऐकलं तेव्हा मी कॉलेजात होतो, पत्रकं वाचून आणि वाटून वाढलेला. म्हणालो, ही खुर्ची चौकात आणून जाळली पाहिजे. अण्णा हसले. "जाळली की ती मोठी व्हईल, बे. लोकांला बसू दे तिच्यात. मग नुसतं लाकूड उरंल." मला ते मवाळ वाटलं. राजधानी हैदराबादेहून मुंबईला गेली, तरी साहेबाच्या दारात चप्पल काढायची आमची सवय गेली नाही, असं मी पत्रकात लिहीत होतो. अण्णा तीच सवय मोडायला एकेकाला हाताला धरून त्या खुर्चीपर्यंत नेत होते.

सोपं नव्हतं ते. लोक खुर्चीला हात जोडायचे आणि मागं सरायचे. एकदा गेवराईकडची एक म्हातारी, नव्या कचेरीत साहेब जागेवर नाहीत म्हणून, सावलीला आत आली.

"बसा की, आक्का," अण्णा म्हणाले.

"न्हाई बा. सायब आला मंजी?"

"त्यो सायब कवाच मेला. बसा तुमी."

बसली बिचारी. पाय जमिनीला टेकेनात. जरा इकडंतिकडं सरकून तिनं निकाल दिला, "लई कडक हाय की! यात बसून माणूस खेकसनारच." अण्णांना हसून हसून ठसका लागला.

पुढं जिल्ह्याला नवे कलेक्टर साहेब आले. देशाची दारं उघडली होती, बीडच्या टपऱ्यांवरही परदेशी पेयांच्या बाटल्या दिसू लागल्या होत्या. आता बाहेरचे पाहुणे येतील, वस्तू जपायला हव्यात, असं म्हणत साहेबांनी खुर्चीभोवती बांधायला लाल मखमली दोरी मागवली. मी लगेच पत्रक काढलं, 'बाजार खुला, खुर्ची बंद'. अण्णांनी मात्र किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी निघून आले.

"कावून सोडली, अण्णा? भांडायचं होतं!" मी चिडून विचारलं.

अण्णांचा हात सवयीनं कमरेला, किल्लीच्या जागी गेला. मग म्हणाले, "ती दोरी माज्या हातानं बांधली असती, तर बाप पुन्हा खुर्चीपुढं उभा ऱ्हायला असता, बे..."

त्यानंतर ते त्या खोल्यांकडे फिरकले नाहीत.

शोकसभा तिथंच झाली. साहेबांच्या मनात आदरच होता, हे मला मान्य आहे. त्यांनी अण्णांचा मोठा फोटो करवून आणला, त्याला हार घातला आणि दोरीच्या आत, त्या खुर्चीवर ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या खुर्चीत माणसं बसावीत म्हणून अण्णा झटले, ती आता त्यांच्याच फोटोनं कायमची अडवली जाणार होती. फोटोला हात लावून कोण बसणार? मी भाषण करायला उठलो, पण माझ्याआधी काकू, अण्णांच्या पत्नी, उठल्या. त्यांनी दोरी बाजूला सारली, फोटो उचलून माझ्या हातात दिला आणि पदर सावरून खुर्चीत बसल्या.

साहेब गडबडीनं पुढं झाले. "काकू... ती जुनी वस्तू आहे."

"वस्तूच हाय ना?" काकू म्हणाल्या. "मग बसले तर काय झालं?"

फोटो छातीशी धरून मी तसाच उभा होतो. तेवढ्यात मागच्या बायकांतून एक आवाज आला, "काकू, तुमचं झालं की मी बसू का?"