एक तरी सरडा दाव

दसरा होऊन गेला होता, सोयाबीन निघालं होतं आणि सासऱ्यांनी फोनवर सांगितलं की सोमवारी जेसीबी येतोय. बांधावरचं जुनं कुंपण उपटून तारेचं करायचंय. नवऱ्याने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा चहाचा कप उचलला. मी मशीनवरचं ब्लाउज तसंच सोडून उठले.

"बरं काय बरं? उद्या रविवार आहे. मला शेतावर ने."

आम्ही धाराशिवला राहतो. नवऱ्याची नोकरी आणि माझं घरच्या घरी शिवणकाम. शेत नळदुर्गच्या अलीकडे, हायवे सोडून आत. सासूबाई गेल्यापासून सासरे तिथे शेतातल्या घरात एकटेच राहतात. त्यांना मी मामा म्हणते. मोटारसायकलवर बसून निघालो तेव्हा सकाळीच ऊन चटके देत होतं. नवरा वाटभर एकच गोष्ट विचारत होता, की तू तिथे जाऊन नक्की करणार काय. मला तरी कुठे माहीत होतं? पण हे कुंपण मी उपटू देणार नव्हते.

ते कुंपण म्हणजे बोर, तरवड, निवडुंग, घायपात, मध्येच पाखरांनी पेरलेली सीताफळं. मी लग्न होऊन आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. रडायला म्हणून एक कोपरा मिळत नव्हता. गवत कापायच्या निमित्ताने मी या कुंपणाच्या सावलीत येऊन बसायची. तिथेच एका दुपारी मला तो पहिल्यांदा दिसला. पुस्तकात त्याला शॅमेलिऑन म्हणतात, आमच्या घरात डुलता सरडा. पोपटी अंग, शेपटीची गुंडाळी, आणि एक पाय पुढे टाकायचा तर तीन वेळा डुलून विचार करणार. एक डोळा माझ्याकडे, दुसरा भलतीकडेच. मला इतकं हसू आलं की रडायचं राहूनच गेलं. सासरी आल्यावरचं ते माझं पहिलं हसू. त्यानंतर दर दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मी त्याला शोधायला जायची आणि तो दिसायचा. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. ते मला हवं होतं, बस्स.

मामा अंगणात सुतळीचे तुकडे जोडत बसले होते. मी पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच विषय काढला.

"मामा, तार लावा, पण कुंपणाच्या आतनं लावा. कुंपण राहू द्या."

"आतनं?" मामांनी सुतळी खाली ठेवली. "माझ्या रानातनं? मंजी बांध आयताच त्याला?"

'त्याला' म्हणजे पलीकडच्या चुलतभावाला. बांध वीतभर कुणी कोरला यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. कोर्ट झालं, मोजणी झाली, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाणं बंद झालं. मामांचंही सगळंच चुकत होतं असं नाही. रानडुकरं कुंपणातून वाट काढून आत येत होती आणि भुईमूग उकरून खात होती. तार हवीच होती. पण ती बरोबर बांधाच्या मधोमध, बोटभरही आत नाही, हे मामांचं ठरलेलं होतं.

"आन् कुंपन ठेवू कशापायी? सावली पडती, पीक खुरटतंय."

"त्यात डुलता सरडा असतो."

मामा हसले. खाटेवर आडवा झालेला नवराही हसला. म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, आमच्या बायकोचीबी तिथपर्यंतच." मला असा संताप आला, की हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घालावा.

"ते कवाच मेले फवारनीनं," मामा म्हणाले. "म्या रोज रानात असतो. कैक सालात एक बगितला न्हाय."

"आहेत."

"न्हाईत."

"मी दाखवते."

मामांना हट्टी माणूस आवडतो. स्वतः तसेच आहेत. "बरं. दिस मावळायच्या आत एक तरी सरडा दाव. दावलास तर कुंपनाला हात लावत न्हाय. न्हाय दावलास तर उद्या तोंड उघडायचं न्हाय. म्या शब्द दिला."

मामांनी शब्द दिला की विषय संपतो. पाणी कुणाला द्यायचं, बैल कितीला सोडायचा, सगळे व्यवहार त्यांनी आयुष्यभर तोंडीच केले. मी पदर खोचला, शेवग्याची एक वाळकी काठी घेतली आणि निघाले.

माझी शोधायची एक रीत आहे. कापडाला दोरा जुळवताना आपण नुसता हिरवा बघत नाही. कापडापेक्षा एक छटा वेगळा असलेला हिरवा डोळ्याला बरोबर खुपतो. तसंच पानांकडे बघायचं. सूर्य पाठीशी ठेवायचा, एक फांदी धरायची आणि टोकापासून बुंध्यापर्यंत नजर सावकाश न्यायची. मग पुढची फांदी. घाई केली की झालंच.

पहिल्या बाजूला एक नाकतोडा, सापाची कात, आणि कुणा पाखराचं रिकामं घरटं. बोरीचे काटे उलट्या बाकाचे. हात आत जातो, बाहेर यायचं नाव घेत नाही. माझी बाही कोपरापासून फाटली. दुसऱ्या बाजूला एक सरडा दिसला आणि मी हरखले. पण तो साधा, लाल गळ्याचा, मान वरखाली करणारा. नवरा मागे येऊन उभा राहिला होता.

"हाच दाखव की. म्हाताऱ्याला लांबनं काय कळतंय?"

"त्यांना कळेल. आणि नाही कळलं तरी मला कळेल ना."

"मग बस शोधत," म्हणून तो सीताफळ चोखत निघून गेला.

दुपारी मी आणलेली भाकरी, पिठलं आणि शेंगाचटणी सोडली. मामांनी जेवताना माझ्या ओरबाडलेल्या हाताकडे दोनदा पाहिलं आणि शेवटी हळदीचा डबा माझ्याकडे सरकवला. मी हळद लावली आणि उठले. पाठीमागून नवरा म्हणाला, "जरा पड तरी." पडले असते तर संपलंच असतं.

तिसरी बाजू म्हणजे चुलतसासऱ्यांच्या रानाला लागून असलेला बांध. सगळ्यात दाट. इथेच मी पूर्वी बसायची. माझी सगळी आशा इथे होती, म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. फांदी न् फांदी पाहिली. वाकून पाहिली, दगडावर चढून पाहिली. घाम डोळ्यांत उतरत होता, पोपटी पान बघून बघून डोळ्यांपुढे सगळंच हिरवं नाचायला लागलं. टोकाला पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि मला काहीही मिळालेलं नव्हतं. मी तिथूनच उलटी फिरले आणि तीच बाजू पुन्हा पाहिली. पुन्हा काही नाही. मामा म्हणतात तेच खरं असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मला रडू फुटलं. रागाचं रडू. सरडा गेला याचा राग, आणि मला न विचारता गेला याचाही.

तोंड धुवायला विहिरीकडे गेले. त्या कोपऱ्यातलं कुंपण आदल्याच आठवड्यात माणसं लावून काढलेलं होतं. तिथे खांबांसाठी खड्डे घेतले होते, शेजारी भुसभुशीत मातीचे ढीग, सिमेंटचे खांब आडवे पडलेले. तोंड धुऊन मी एका खांबावर बसले. समोरच्या ढिगाच्या पायथ्याशी मातीचा एक खडा सरकला. मग पुन्हा सरकला. मी नीट पाहिलं.

काळपट अंग, त्यावर पिवळसर ठिपके, पोट टम्म फुगलेलं. अर्धं शरीर ढिगात घालून ती पुढच्या पायांनी माती उकरत होती आणि मागच्यांनी बाहेर लोटत होती. शेपटीची गुंडाळी तीच. अंडी घालायला झाडावरून खाली उतरलेली मादी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळी मी याच ढिगांच्या मधून गेले होते. पण तिथे कुंपण नव्हतं, बांध नव्हता, म्हणजे बघण्यासारखं काही नाही असं मी धरून चालले. आमच्या घरात सगळी भांडणं बांधावरची, त्यामुळे शोधही बांधावरच झाला. शिवाय मी दिवसभर हिरवा दोरा शोधत होते.

हाक मारली नाही, ती बिथरली असती. चालत गेले आणि मामांना नुसतं "चला" म्हणाले. ते आले, खाली पाहिलं, आणि हळूच उकिडवे बसले. नवऱ्याने मोबाइल काढला.

"ठेव त्यो," मामा कुजबुजले. "पोटुशी हाय ती."

आम्ही तिघेही बसून राहिलो. ती आत आत जात होती. थांबायची, एक डोळा आमच्याकडे फिरवायची, पुन्हा कामाला लागायची. एक गोष्ट मला कळत होती आणि नवऱ्याने नेमकी तीच बोलून दाखवली.

"पण ही काय कुंपणात न्हाय सापडली."

"जलम रानात गेला," मामा म्हणाले, "आन् हे खाली उतरतंय हे म्या कवा बगितलं न्हाय." मग गुडघ्यावर हात देऊन उठले.

ते बांधाकडे गेले. खांबांच्या रेघेसाठी खुंट्यांना बांधलेली दोरी त्यांनी सोडली, एक खुंटी उपटली आणि कुंपणापासून आत, स्वतःच्या नांगरलेल्या रानात दोन हात चालत येऊन तिथे ठोकली. मोजणीच्या वेळी ज्या माणसाने बोटभर मातीसाठी अधिकाऱ्याचा हात धरला होता, त्या माणसाने.

"चुलते हसतील," नवरा म्हणाला. "बांध सोडला म्हणतील."

"हसू दे. माझा शब्द काय त्याला इचारून दिलता?"

मग त्यांनी दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे केलं. "धर. उद्या मान्सं येतील, त्यास्नी तूच दाव तार कुठनं न्यायची. पलीकडची खुंटी तू ठोक."

या शेताची हद्द कुठे, हे या घरात आजवर कुठल्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. मी कुंपणाच्या टोकापर्यंत चालत गेले, दोरी ताणून धरली आणि म्हणाले, "मामा, फांद्या तारेला लागतील. तुमची खुंटी अजून वीतभर आत घ्या."