शेवटचा पाव मिलिमीटर

पिंपरी-चिंचवडमध्ये लोखंड कापणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील, पण लोखंड कापावं लागू नये म्हणून गिऱ्हाइकाशी भांडणारा माणूस अख्ख्या पट्ट्यात एकच, आणि ते माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा आहेत. चिखलीत त्यांचं बोअरिंगचं शेड आहे. इंजिनाचा झिजलेला ब्लॉक, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली पळतो तो, लोक त्यांच्याकडे आणतात. मामा तो आतून किंचित मोठा कापून गुळगुळीत करतात आणि मग त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसतो. मोटरसायकलला हे चार वेळा करता येतं : पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण आणि एक. त्यापुढे भिंत इतकी पातळ होते की तापली की वाकडी होते, नाहीतर सरळ तडकते. गोष्ट एवढीच, पण मामांनी तिच्यावर सगळा संसार चालवला आहे.

"जेवढ्यात ओरखडा जातो तेवढंच काढायचं," हा त्यांचा नियम. एकदा एक तरणंबांड गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "काका, डायरेक्ट एकचा मारा ना, पिकअप वाढतो." मामांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, "पायात काटा रुतला तर पाय कापतोस का रं?" गिऱ्हाईक ब्लॉक उचलून शेजारच्या शेडमध्ये गेलं. मामांना गिऱ्हाईक गेल्याचं काही वाटलं नाही, पण त्या ब्लॉकची ते दोन दिवस आजारी माणसासारखी चौकशी करत होते. पिस्टन हातात दिल्याशिवाय ते मशीनला बोट लावत नाहीत, कारण खोक्यावरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "पोरगी बघितल्याबिगर लगीन ठरवतंय का कोण?" असं म्हणून भल्याभल्यांना त्यांनी आधी दुकानात पिटाळलं आहे. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. माझी नोकरीच एसी खोलीत बसून मायक्रॉन मोजण्याची. मामा मात्र ब्लॉकमध्ये अंगठा फिरवतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "खालच्या अंगाला लांबट झालाय." मी गेज लावून बघतो, तर खरंच झालेला असतो. त्यानंतर अर्धा तास ते माझ्याकडे दयेने बघत राहतात.

घरातही तेच. पावसाळ्यात पुढचा दरवाजा फुगला, लागेना. सुतार रंधा घेऊन आला, तर मामा दारात आडवे. "काढलेलं लाकूड परत लावता येत न्हाई. दिवाळीला आपोआप बसंल." दिवाळीपर्यंत घराला कडीऐवजी पाटा टेकवलेला होता. मामी बटाटे सोलायला बसल्या की हे येता-जाता साल उचलून उजेडात धरतात आणि जाडी बघतात. मामींनी एकदा सोलाणं त्यांच्या हातात देऊन "मग तुमीच सोला" म्हटलं, तेव्हा घरात रात्री आठला व्हायची भाजी साडेनऊला झाली. पण साल खरोखर वर्तमानपत्रासारखी निघाली होती, हे मामींनीच मला सांगितलं.

हा सगळा विक्षिप्तपणा कुठून आला, ते त्यांच्या शेडच्या दारात ठेवलेलं आहे. तिथे टेम्पोचा एक तडकलेला ब्लॉक आहे. तरुणपणी एका टेम्पोवाल्याने गळ घातली, "अजून एकदा काढा, चालतंय की," आणि मामांनी काढला. पंधरा दिवसांत भिंत फुटून पाणी आत आलं आणि भरला टेम्पो घाटात उभा राहिला. कुणाला काही झालं नाही, पण मामांनी तो ब्लॉक मागून आणला. खंडेनवमीला सगळे आपापल्या मशीनला हार घालतात. मामा आधी त्या फुटक्या ब्लॉकला घालतात. मला वाटतं, चूक इतक्या मानाने सांभाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या शहाणपणाची खरी झळ बसली ती मामींना. मामांकडे लग्नाच्या वर्षी घेतलेली मोटरसायकल आहे. मामींचं माहेर खेडच्या पुढे, आणि मामींना एसटीत, मोटारीत, कशातही बसलं की मळमळतं. वारा तोंडावर घेत त्या जन्मभर या मोटरसायकलवरूनच माहेरी गेल्या. पण गाडीचा पाऊण झाला होता. ती धूर टाकायला लागली, लांबच्या पल्ल्याला तापून जाम होईल असं झालं, आणि मामांनी तिला चौकापलीकडे न्यायचं बंद केलं. शेवटचा, एकचा पिस्टन त्यांनी कधीच आणून तेलकट कागदात गुंडाळून कपाटात ठेवला होता. तो बसवून बोअर मारला की गाडी खेडच काय, जुन्नरलासुद्धा गेली असती. पण मामांचा हात होईना. "शेवटचं हाय. एकदा काढलं की संपलं." मी म्हटलं, संपलं तर आत नवीन स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, घालता येते, तुम्हीच लोकांना घालून देता. तर म्हणाले, "जावईबापू, लोकाचं अस्तर लावून चालवायची व्हय?" हे त्यांनी मला तोंडातली वरची अख्खी कवळी सावरत ऐकवलं. मामी दरवर्षी भाऊबीजेला विचारायच्या, "अवो, काढताय का त्येवढं? का लोणचं घालायचंय त्याचं?" आणि दरवर्षी मामा म्हणायचे, पुढच्या साली बघू. भाऊच मग इकडे येऊन ओवाळून घेऊन जायचा.

गेल्या हिवाळ्यात मामींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की झीज फार झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि दुचाकीचं नाव काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी शेडला बाहेरून कुलूप घातलेलं दिसावं म्हणून मागच्या दाराने जाऊन आपल्या गाडीचा ब्लॉक उतरवला. मला रजा होती, मी मदतीला होतो. त्यांनी माप इतक्या वेळा घेतलं की मीच कंटाळलो. मग मशीन चालू केलं आणि कीस बाहेर पडत असताना माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

चौथ्या दिवशी गाडी पहिल्या किकमध्ये चालू झाली. धूर नाही, खडखड नाही. मामी काठी टेकत ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "बसवा मला." डॉक्टरांचं नाव काढायची कुणाची हिंमत झाली नाही. मी प्लास्टिकची खुर्ची लावली, दोघांनी त्यांना उचलून मागे एका बाजूला पाय सोडून बसवलं, आणि मामांनी पहिल्या गिअरमध्ये गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं. परत येईतो मामींचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, तरी त्या उतरेनात. पदर सारखा करत म्हणाल्या, "इतका चांगला आवाज हुता व्हय हिचा? मग इतकी वर्सं कुणासाठी राखून ठिवलावता?"

किती काढायचं हे मामांना सगळी चिखली विचारते. कधी काढायचं, हे एकट्या मामींनी विचारलं होतं. मामा टाकीवरून उगाचच बाही फिरवत राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं."

मामींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. अजून एक फेरी मारा. हळू."

मी खुर्ची हातात धरून ओट्यापाशी थांबलो, आणि ते दोघं माणूस चालतो तेवढ्या वेगाने कोपऱ्याकडे निघाले.