डोरीनने मागितलेली नक्कल

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात सव्वीस वर्षं सुरी चालवलेल्या डोरीन स्प्रॉक्स्टनला मॅनेजर क्लाइव्ह अटिंगने चोर ठरवून हाकललं. निमित्त काय, तर शुक्रवारी घरी नेलेली हॅडॉक माशाची पुडी! अहो, तिथे शुक्रवारी जो तो पुडी नेतो, आजोबांच्या काळापासून नेतो, आणि क्लाइव्ह स्वतः दोन नेतो. त्या नालायकाला मासा चिरायला शिकवलं होतं तेही डोरीननेच.

गावभर बोभाटा झाला. डोरीन दुकानात शिरली की बेकरीवाली गल्ला बंद करू लागली. डोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला नोकरी परत नको होती. क्लाइव्हची नाचक्की हवी होती.

वाचनालयातल्या हिल्डाने वाट दाखवली. "कंपनीने तुझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय त्याची नक्कल माग. कायदाच आहे, महिन्याभरात द्यावी लागते." डोरीनने अर्ज लिहिला आणि मुद्दाम क्लाइव्हच्याच हातात ठेवला.

तो खो खो हसला. "अगं, तो युरोपचा कायदा! ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तोही गेला. आणि बाहेर पडायला मत तूच दिलंस ना? भोग आता!"

"मत दिलं ते आपल्या समुद्रातल्या मासळीसाठी," डोरीन म्हणाली. "माझं नाव तुझ्या हवाली करायला नव्हे."

गाढवाला कुठे ठाऊक, की बाहेर पडताना सरकारने तो कायदा जवळजवळ जसाच्या तसा उतरवून देशाचाच करून टाकला होता! त्याच दुपारी त्याने लीड्सच्या हेड ऑफिसला मेल केला, "डोरीनने नक्कल मागितलीय. तिचं सगळं पुसून टाका. तो कायदा संपला." तिथल्या बाईला कायदा पाठ होता. नक्कल मागितल्यावर मुद्दाम पुसणं हा गुन्हा, हेही तिला माहीत होतं. तिने काहीच पुसलं नाही. उलट क्लाइव्हचा तो मेलही गठ्ठ्यात घातला आणि विसाव्या दिवशी डोरीनकडे रवाना केला.

डोरीनने उभ्याउभ्याच वाचलं. क्लाइव्हने वरिष्ठांना लिहून कळवलं होतं, "पुडी न्यायला परवानगी माझीच आहे. पण म्हातारीचा हात मंदावलाय. चोरी दाखवून काढली की भरपाई द्यायला नको." तिने ते तीनदा वाचलं. रडू आलं नाही. कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी तिने माहिती आयुक्तांकडे तक्रार धाडली आणि त्या पानाची एक प्रत बेकरीवालीच्या काउंटरवर आपटली. संध्याकाळपर्यंत गावाने ते पान वाचलं होतं.

रविवारी क्लाइव्ह दारात हजर. "डोरीन, माझी नोकरी जाईल गं. मी माफी मागतो."

"माग."

"मग तक्रार मागे घेशील?"

"नाही."

"मग मागू कशाला?"

"मला ऐकायचीय म्हणून."

तो खाली मान घालून पुटपुटला.

"मोठ्याने," डोरीन म्हणाली. "शेजारच्या एडिथला कमी ऐकू येतं."