हापूसची पेटी आणि दोन तृतीयांश मते

कोणासाठी शब्द टाकणे मला कधी जमले नाही. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या आरेखण्यात एकतीस वर्षे गेली. तेवढ्या काळात मी स्वतःसाठी बढतीसुद्धा मागितली नाही. निवृत्तीनंतर, बऱ्याच संकोचाने, लिहू लागलो आहे. तेव्हा हा प्रसंगही जसा घडला तसाच सांगतो, कारण त्यात चूक सर्वस्वी माझी होती.

आमची मुलगी पूर्वेकडच्या एका राज्यात न्यायाधीश आहे, पण अजून परिवीक्षाधीन. येथे न्यायाधीशाला पाच वर्षांच्या आत कायम करावे लागते, आणि त्या राज्यात त्यासाठी एका निवड समितीची संमती लागते. समितीतले आमदार विधिमंडळाने दोन तृतीयांश मतांनी निवडायचे असतात. गेल्या निवडणुकीत एका पक्षाला एक तृतीयांशाहून थोड्या अधिक जागा मिळाल्या, आणि त्याने आडकाठी घातली: आमच्या माणसाला विधिमंडळाचे उपाध्यक्षपद द्या, मगच समिती. बाकीचे पक्ष ते द्यायला तयार नव्हते. मतदान होई, मते कमी पडत, विषय पुढच्या अधिवेशनात जाई. मुलीची सव्वाचार वर्षे संपली होती.

पाच वर्षे उलटली आणि समिती नसलीच, तर काय? मी कायदा वाचला, भाष्ये वाचली. उत्तर सापडले नाही. त्या वसंतात भीती सकाळच्या चहाबरोबर सुरू होई.

मुलीला विचारले, तर ती हसे. तिला मराठी सगळे कळते, पण उत्तर जर्मनमध्येच येते. "बाबा, माझ्यासमोर आज शेजाऱ्याच्या कोंबड्याचा खटला आहे. तो पहाटे चारला आरवतो. मला आधी त्याचा निकाल लावू दे."

मे महिन्यात स्टुटगार्टच्या भारतीय दुकानात विमानाने हापूस येतो. मुलीकडे निघालो होतो, तेव्हा मी दोन पेट्या घेतल्या.

"अहो, तिला एकटीला दोन पेट्या?" पत्नी म्हणाली. "ती काय कोर्टात आमरस वाढणार आहे?"

"सहकाऱ्यांना देईल," मी म्हणालो. लग्नाला अडतीस वर्षे झाली. इतके सरळ खोटे मी तिच्याशी क्वचितच बोललो असेन.

दुसरी पेटी त्या पक्षाच्या एका आमदारासाठी होती. मुलीच्याच जिल्ह्यात त्याचे कार्यालय होते, आणि गुरुवारी दुपारी नागरिकांना भेटीची वेळ मिळत असे. मी दूरध्वनीवरून वेळ मागितली होती. पलीकडच्या बाईंनी आडनाव विचारले आणि मी ते एकेक अक्षर सुटे करून सांगितले. असे का वागलो, याचे उत्तर माझ्यापाशी एकच आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी माझे वडील एका संस्थाचालकांकडे अशीच पेटी घेऊन गेले होते. मी फाटकाबाहेर मान खाली घालून उभा होतो. प्रवेश मिळाला. तो पेटीमुळे की गुणांमुळे, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

कार्यालय एका बेकरीला लागून होते. दूरध्वनीवरच्या त्याच बाईंनी कॉफी दिली. पेटीकडे पाहून त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

"आंबे. आमच्याकडची पद्धत आहे."

"आल्झो, म्हणजे असे की, हे आम्हाला घेता येत नाही. आणि आणले होते अशी नोंद मला करावी लागेल." त्यांचा स्वर मुळीच कठोर नव्हता. त्यांनी पेटी माझ्याच खुर्चीखाली सरकवली.

आमदार पन्नाशीचा, अतिशय सभ्य गृहस्थ निघाला. त्याने ओरडावे, अपमान करावा, यासाठी मी मनाची तयारी करून गेलो होतो, सभ्यतेसाठी नव्हती.

"झिंडेलफिंगेन! माझ्या वडिलांची पहिली चांगली गाडी तिथलीच. मग, आमच्या राज्यात तुमचे काय काम?"

मी निवड समितीबद्दल विचारले, सर्वसाधारण नागरिक म्हणून.

"गेनाऊ, अगदी हेच सगळे आम्हालाच विचारतात," तो म्हणाला. "दोन तृतीयांशाची अट आम्ही घातली का? ज्यांनी घातली त्यांना आज ती टोचते आहे. आमच्या हक्काचे पद द्या, आठवड्यात समिती देतो. इतके सोपे आहे."

मग त्याने समोरची चिठ्ठी उचलली आणि माझे आडनाव वाचले. येथे इतक्या वर्षांत कोणी इतके अचूक उच्चारले नव्हते.

"हे नाव मी कुठे तरी पाहिले आहे. तुमचे कोणी इथे असते का?"

त्या राज्याच्या न्यायालयांत हे आडनाव एकाच व्यक्तीचे आहे. जन्मभर जिची लाज वाटली, ती माझी मुखदुर्बलता तेवढ्यापुरती कामी आली: मी काहीच बोललो नाही. पेटी उचलली, आभार मानले आणि बाहेर पडलो.

मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत तो ओळखीचा वास नकोसा झाला होता. दोन्ही पेट्या तिच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळे सांगितले. ती मराठीत म्हणाली, "बाबा, काय केलंस तू हे?" तिचे मराठी वाक्य मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो.

"कोणाला कळणार नाही," मी म्हणालो.

"मला कळलं ना." एवढे बोलून ती पुन्हा जर्मनमध्ये गेली. "न्यायाधीशाचा बाप समिती अडवणाऱ्याकडे भेटवस्तू घेऊन गेला. हे त्याने बाहेर काढण्याआधी मी सांगायला हवं. बस. लिही."

मी लिहिले. अर्धे पान: मी कोण, कोठे गेलो, काय नेले, काय बोललो, आणि हे मुलीच्या नकळत केले. तिने दोन ठिकाणी खाडाखोड केली, कारण मी विशेषणे घातली होती. सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो कागद स्वतः आपल्या न्यायालयाच्या अध्यक्षांकडे नेऊन दिला.

"आणि तुझं नाव?" निघताना मी विचारले. "ते त्याला ठाऊक झालं."

"माझं नाव रोज दालनाबाहेर कागदावर लावलेलं असतं, बाबा. ते लपवून निकाल देता येत नाही."

अध्यक्षांचे उत्तर एका ओळीचे होते: निवेदन नोंदीस घेतले. ते तिच्या फाइलीत राहील. समिती झालीच तर तीच फाइल समितीपुढे जाईल.

जूनमध्ये पुन्हा मतदान झाले. मी संगणकावर पाहत होतो. मतदान गुप्त असते. तो आमदार पडद्यामागून बाहेर आला, कोटाचे बटण लावले आणि घडी केलेली मतपत्रिका पेटीत टाकली. मी चेहऱ्यावरून काही कळते का ते पाहत राहिलो. मते पुन्हा कमी पडली.

"अहो, बंद करा आता ते," पत्नी म्हणाली. तिला तोवर सगळे कळले होते. "तिची वकिली करायला नव्हता गेलात ना, मग निकालाला काय बसलात?"

मी बंद केले नाही. पुढच्या अधिवेशनाची तारीख अजून जाहीर व्हायची होती.