बोटभर फट

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी मिस्त्री पेटीच्या तळाला आतून जवसाचं तेल चोळत होते. जुन्या बनियनचा बोळा, शेजारी वाटीत तेल आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने जाणारा लांब, सावकाश हात. मुलगी चहा घेऊन वर्कशॉपच्या दारात आली आणि वासानेच थबकली.

"बाबा, तेल?"

"दुसरा हात आहे. सातपर्यंत मुरेल."

"मुरण्याचं नाही म्हणत मी."

मिस्त्रींनी कप घेतला, एक घोट घेतला आणि तो खाली ठेवला. "साखर कमी पडलीये."

"साखर आई घालायची. मला अंदाज नाही."

तिची आई परवा दुपारी हॉस्पिटलमध्ये वारली. आज नऊ वाजता तिला सार्वजनिक दफनभूमीत पुरायचं होतं. मिस्त्री बनवत होते ती पेटी तिच्यासाठी होती आणि ती नियमात बसत नव्हती. हे बापलेक दोघांनाही ठाऊक होतं.

या शहराला पुरण्यासाठी जागा पुरत नाही. त्यामुळे दफनभूमीतली प्रत्येक जागा पंधरा वर्षांनी उघडतात आणि दुसऱ्याला देतात. तोवर आत काही शिल्लक राहू नये, अशी पालिकेची अपेक्षा असते आणि पेटीचे सगळे नियम त्या एका अपेक्षेतून निघाले आहेत. लाकूड मऊ हवं. रंग, पॉलिश, तेल, सरस यातलं काहीही लावायचं नाही. आत पत्रा नको, प्लॅस्टिक नको, लोकर नको. सुती कापड चालतं, तेही एकपदरी. आणि तळाच्या फळ्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवायची, म्हणजे पाणी खाली जातं आणि माती आत येते.

बावीस वर्षं मिस्त्री अशाच पेट्या करत आले आहेत. त्याआधी ते कपाटं आणि दारं करायचे. त्यांच्या कपाटाचं दार लावलं की आतली हवा बाहेर येताना पुस्सकन आवाज व्हायचा, असं जुनी गिऱ्हाइकं अजून सांगतात. मग तयार फर्निचरची दुकानं आली, गिऱ्हाइकं तिकडे वळली आणि मिस्त्रींनी पालिकेचं काम धरलं. सुरुवातीला त्यांच्या फळ्या आपोआप एकमेकींना भिडायच्या. हाताला फट ठेवायची सवय नव्हती. शेवटी त्यांनी बोटाएवढ्या जाडीचा लाकडाचा एक तुकडा कापून घेतला. तो दोन फळ्यांत ठेवायचा, फळी ठोकायची, तुकडा काढून घ्यायचा. वाईट काम नेमकेपणाने करायला ते असे शिकले.

बायकोला या पेट्यांचा राग नव्हता, हसू यायचं. "तुमच्या पेटीत मी बटाटेसुद्धा ठेवणार नाही," ती म्हणायची. "घरंगळून जातील." ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर ते सुटलं. डायलिसिस करून आली की भर उन्हाळ्यात स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन बसायची. एकदा तशीच बसलेली असताना म्हणाली, "मला त्या फटीवाल्या पेटीत घालू नका हं. खालून गार लागेल." तेव्हा मुलगी आणि ती, दोघी हसल्या होत्या. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिने हेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी ती हसली नाही.

"बरं," मिस्त्री म्हणाले होते.

काल सकाळी त्यांनी फळ्या निवडल्या. लाकूड पाइनचं, नियमातलंच. तळ करायला घेतला तेव्हा दोन फळ्यांमध्ये तो तुकडाही ठेवला. मुलगी तिथेच बसली होती. तिने पाहिलं की बाबांनी हातोडी उचलली, परत ठेवली आणि तुकडा काढून बाजूला टाकला. मग त्यांनी एका फळीच्या कडेला खाच पाडली आणि दुसरीला तिच्यात बसणारी जीभ. सरस तापवला. संध्याकाळपर्यंत पाच फळ्यांची एक फळी झाली. नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता.

साडेसहाला मुलगी हॉस्पिटलकडे गेली. आईला शीतगृहातून बाहेर काढण्याआधी तिथे तिची सही हवी होती. मिस्त्रींनी पेटी टेम्पोत चढवली. बायकोची धाकटी बहीण शेजारी बसली, मांडीवर घडी केलेली लोकरीची शाल.

"दाजी, वास येतोय हो तेलाचा."

"वाऱ्याने जाईल."

"आणि पाण्याचं?"

"माझ्या पेटीत तपासणाऱ्या बाई पाणी ओतत नाहीत."

ते खरं होतं. प्रत्येक पेटी आधी रिकामी आणायची, फाटकाजवळच्या शेडमध्ये तपासून घ्यायची आणि शिक्का बसला तरच ती वापरायची, अशी पद्धत आहे. तपासणाऱ्या बाई पेटी दोन ठोकळ्यांवर ठेवायला लावतात, आत मगभर पाणी ओततात आणि मनात दहा मोजतात. तेवढ्यात पाणी खाली गेलं नाही तर पेटी परत. मिस्त्रींच्या पेट्यांत पाणी ओतणं मात्र त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. झाकण उघडायचं, एक नजर टाकायची, शिक्का. आज त्या नजरही टाकणार नाहीत, असा मिस्त्रींचा हिशेब असावा.

सात वाजता शेडमध्ये त्यांच्या मागे एका कारखान्याचा टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर आपल्या पेट्या उतरवून, बिडी विझवून, पाळीची वाट बघत होता.

"या मिस्त्री," बाई म्हणाल्या. "कळलं मला. फार वाईट झालं. मागच्या महिन्यात वहिनी बाजारात दिसल्या होत्या, बोललो आम्ही." विजेवर तापवलेला शिक्का त्यांच्या हातात होता. त्यांनी झाकणाची एक बाजू उचलली, लगेच खाली सोडली आणि शिक्का पेटीच्या कडेशी नेला.

"बाई, पाणी?" ड्रायव्हरने मागून विचारलं.

"ओळखीची पेटी आहे."

"ओळख माणसाशी असते, पेटीशी कशी असेल? परवा माझ्या दोन परत पाठवल्यात, एका ठिकाणी फट कमी म्हणून. मालकाने बिनपाण्याने केली माझी. आमच्यात पाणी ओतायचं आणि यांच्यात काय गुलाबपाणी शिंपडायचं?"

बाईंनी शिक्का जागेवर ठेवला. नियम सगळ्यांना सारखा, हे त्यांनीच परवा त्याला चार लोकांत सुनावलं होतं. त्यांनी बादलीतून मग भरला आणि झाकण पूर्ण उघडून पेटीत रिकामा केला.

पाणी तळावर पसरलं, चारी कडांना टेकलं आणि थांबलं. बाईंनी दहा मोजले. नंतर पुन्हा मोजले. वाकून पेटीच्या खालून हात फिरवला. तळ कोरडा होता. त्यांनी आतलं पाणी दोन बोटांवर घेतलं आणि हुंगलं.

"तेल."

"हो."

"आणि सांधे?"

"सरस लावलाय."

"मिस्त्री, तुम्ही?"

"पेटी कसली, होडी झाली ही," ड्रायव्हर म्हणाला. "टाका नदीत, लागेल पलीकडे."

"तोंड सांभाळा," मेव्हणी म्हणाली. "बहीण जायचीये माझी यातून. यांची बायको."

ड्रायव्हरने मिस्त्रींकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मला काय ठाऊक ताई. मला वाटलं, रोजचीच पेटी." तो आपल्या टेम्पोपाशी गेला आणि परत येऊन होता तिथेच उभा राहिला.

"दाजी, बोला ना काहीतरी. बावीस वर्षं यांच्या नियमाने फटी ठेवल्यात तुम्ही. एक दिवस तरी सूट नको?"

मिस्त्री म्हणाले, "बाई, एवढी एक."

"दक्षिणेकडच्या रांगेतली ती पेटी कापायला कोणाला बोलावलं होतं?"

"मला."

"मग ताईंना तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं नाही. गोष्ट चार वर्षांपूर्वीची. एक जागा मुदत संपल्यावर उघडली, तर आत, पुरताना कोणीतरी नजर चुकवून आणलेली, पॉलिश केलेली, आतून पत्रा मारलेली पेटी जशीच्या तशी निघाली. खड्डे खणणाऱ्यांनी हात लावायला नकार दिला. मिस्त्रींना करवत घेऊन बोलावलं. पंधरा वर्षांत जे व्हायला हवं होतं ते आत अर्ध्यावर थांबलेलं होतं. मयताचा मुलगा कडेला उभा होता. नियमानुसार घरच्यांपैकी एकाला हजर राहावं लागतं. त्याला मागे थांबा म्हणाले, तो थांबला नाही. मिस्त्री त्या दिवशी घरी येऊन दोन वेळा अंघोळ करून झोपले. काय पाहिलं ते त्यांनी फक्त बायकोला सांगितलं.

"पंधरा वर्षांनी इथे तुमची मुलगी उभी राहणार," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण आहे?"

पलीकडे कोणीतरी हातपंप मारत होतं. मिस्त्रींनी पेटीतल्या पाण्यात हात घालून तळ चाचपला.

"तळाला भोकं पाडली तर?" त्यांनी विचारलं. "गिरमिट आहे टेम्पोत."

"पाडाल. पण तेल कसं काढणार?"

दोन हात तेल प्यायलेलं लाकूड किती वर्षं टिकतं, हे त्या शेडमध्ये मिस्त्रींपेक्षा जास्त कोणाला माहीत नव्हतं. त्यासाठीच तर त्यांनी ते लावलं होतं. दुसरी पेटी ठोकायलाही वेळ नव्हता. साडेआठला हॉस्पिटलमधून निघायचं होतं.

"कोठारातली घ्या," बाई म्हणाल्या. "तिला शिक्का आहे."

दफनभूमीच्या कोठारात ज्यांचं कोणी नाही अशांसाठी पेट्या तयार ठेवलेल्या असतात. तिथल्या चारही पेट्या मिस्त्रींनीच केलेल्या होत्या. कोठार उघडून दिल्यावर ते बराच वेळ आत होते. एका पेटीला गाठ होती. एकीचं झाकण घासत होतं. त्यांनी चारही उलट्या करून तळ पाहिले, कुठे एखादी फट जरा अरुंद निघतेय का म्हणून. निघाली नाही. सगळ्या फटी त्याच एका तुकड्याने घातलेल्या होत्या.

"कुठलीही घ्या दाजी," मेव्हणी म्हणाली. "आठ वाजत आले."

त्यांनी गाठ नसलेली आणि झाकण नीट बसणारी घेतली. मेव्हणीने शाल पुढे केली तेव्हा बाईंनी मान हलवली. "लोकर नाही चालत, ताई."

"खाली नको. नुसती पायांवर घालते."

"पायांवरही नाही."

मेव्हणीने शालीची पुन्हा घडी केली. ती अगोदर घडी केलेलीच होती. चांगल्या पेटीतलं पाणी मिस्त्री आणि ड्रायव्हर दोघांनी मिळून कलतं करून ओतलं. "हलकी आहे हो," ड्रायव्हर म्हणाला. "एवढी घट्ट असून." मिस्त्रींनी ती पुन्हा टेम्पोत ठेवली, कारण नापास पेटी आवारात ठेवू देत नाहीत. तिच्या शेजारी कोठारातली ठेवली.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी मुलगी वाट बघत होती. टेम्पोत तिला दोन पेट्या दिसल्या. शीतगृहातल्या माणसाने विचारलं, "यातली कुठली?" मिस्त्रींनी बोट दाखवलं. आत एकच सुती चादर अंथरली. मुलीने ती चार कोपऱ्यांत ओढून सारखी केली, पण फळ्यांत जिथे फटी होत्या तिथे ती खाली झुकूनच राहिली.

"डबल करू?" मुलीने विचारलं.

"एकपदरीच," मिस्त्री म्हणाले.

पेटी उचलून टेम्पोत चढवताना कोणीतरी वाकून पेटीखाली ठोकळा सारायला हवा होता, म्हणून मुलगी वाकली. वर पाहिलं तर फटींतून पांढरी चादर दिसत होती. एका ठिकाणी ती खाली ओघळली होती. तिने बोटाने ती आत ढकलली. मग ठोकळा सारला.

नऊ वाजता खड्ड्याशी माणसं वीसेक असतील. कॅन्टीनमधल्या दोघी आल्या होत्या, डायलिसिसच्या वॉर्डातली नर्स आली होती. रात्रीच्या पावसाने खड्ड्याच्या तळाला ओल होती. दोर सोडले तेव्हा पेटी टेकल्याचा आवाज झाला नाही. पहिली माती मिस्त्रींनी टाकली, दुसरी मुलीने. तपासणाऱ्या बाई शेडमधून येऊन मागे उभ्या राहिल्या आणि सगळं होण्याआधीच परत गेल्या; ड्रायव्हरच्या पेट्या अजून राहिल्या होत्या.

घरी परतताना रिकामी पेटी टेम्पोत मागे होती. मेव्हणी म्हणाली, "हिचं काय करणार आता?"

मिस्त्रींनी गिअर बदलला.

"अंथरुणं ठेवता येतील," ती म्हणाली. "चांगली कोरडी राहतील."

"मावशी," मुलगी म्हणाली, "गप्प बस जरा."

वर्कशॉपमध्ये मिस्त्रींनी पेटी भिंतीला लावून उभी केली. मुलीने चहा टाकला. साखर पुन्हा कमी झाली. या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

"तिला कळलं असतं का हो बाबा?" तिने विचारलं.

"काय?"

"फटी आहेत ते."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "मला माहीत होतं बाई थांबवू शकतात," ते म्हणाले. "तिला बरं म्हणालो तेव्हासुद्धा माहीत होतं." संध्याकाळी मुलगी डोकावली तेव्हा ते स्टुलावर बसले होते आणि दिवा लावलेला नव्हता.

कोठारात कायम चार पेट्या असल्या पाहिजेत, असा पालिकेचा नियम आहे. आज त्यातली एक कमी झाली. तिच्या जागी नवी पेटी पोचवायची मुदत उद्या दुपारी बारापर्यंत आहे आणि ती करायचं काम मिस्त्रींकडेच आहे.